दोन सह्यांचा प्रश्न

समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क असावा की नसावा, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपला निर्णय दिला, आणि त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून आलेल्या याचिकाही ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळण्यात आल्या. न्यायालयाचे दार अशा रीतीने तूर्त लागले आहे. संसदेचे दार उघडेल अशी चिन्हे नाहीत. अनेकांनी त्यामुळे सुटकेचा निःश्वास टाकला. आमच्या गोव्यात तर तेवढे कष्ट घेण्याचीही फारशी कोणाला गरज वाटली नाही. हा वाद दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींचा, डिचोली-पेडण्याच्या माणसाला त्याच्याशी काय कर्तव्य, अशीच येथली सर्वसाधारण भावना आहे. ही भावना आम्हांला मान्य नाही. भारतातील इतर कोणत्याही राज्यापेक्षा या प्रश्नाचा संबंध गोव्याशी अधिक जवळचा आहे आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारीही गोव्यावर अधिक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम न्यायालयाने नेमके काय म्हटले ते पाहू. कारण निकाल न वाचताच त्यावर बोलणारांची संख्या दोन्ही बाजूंना मोठी आहे. मेकॉलेच्या मसुद्यावरून १८६० साली इंग्रजांनी केलेल्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाने दोन सज्ञान पुरुषांचा वा स्त्रियांचा परस्परसंमतीने झालेला शरीरसंबंधही गुन्हा ठरवला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ते कलम त्या मर्यादेपुरते घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निर्णय फिरवला. आणि अखेर त्याच न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी एकमताने हा गुन्हा रद्द केला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरलेले नाही. तेव्हा गुन्ह्याचा प्रश्न मिटला आहे.

पुढचा प्रश्न विवाहाचा. हैदराबादच्या सुप्रियो चक्रवर्ती व अभय डांग यांच्यासह अनेकांनी मागणी केली ती अशी, की १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा अर्थ आपल्यालाही सामावून घेईल असा लावावा. पाचही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की विवाह हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि संसदेने केलेला कायदा नव्याने लिहिणे हे न्यायालयाचे काम नाही. विवाह नव्हे तरी अशा जोडप्यांच्या सहजीवनाला काही कायदेशीर मान्यता देण्याचे बंधन सरकारवर आहे, हे सरन्यायाधीश चंद्रचूड व न्या. कौल यांचे मत होते. न्या. भट, न्या. कोहली व न्या. नरसिंह यांनी ते मानले नाही, म्हणून तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तीही मागणी गेली. परंतु बहुमताच्या निकालपत्रानेही या जोडप्यांच्या वाट्याला येणारा भेदभाव नाकारलेला नाही. त्याचा उपाय कायदेमंडळाने व सरकारने करावा, एवढेच म्हटले आहे. २०१८ साली या माणसांना तुरुंगाच्या दारातून माघारी पाठवण्यात आले. स्वतःच्या घराच्या दारात ती अद्याप उपरीच आहेत.

आता गोव्याकडे वळू. या प्रदेशात लग्न म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. घरी वा देवस्थानाच्या सभामंडपात भटजी मंगलाष्टके म्हणतात, सप्तपदी होते, पंगती उठतात. पण त्याच्या आधी वा नंतर वधूवर तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन सही करतात, मग विहित दिवस उलटल्यावर पुन्हा जाऊन साक्षीदारांसमक्ष दुसरी सही करतात. ही दुसरी सही राहून गेली तर होम झाला असला, मुलेबाळे झाली असली, तरी कायद्याच्या लेखी ते लग्न झालेलेच नसते. असे किती घोटाळे न्यायालयापर्यंत गेले आहेत हे कोणताही गोमंतकीय वकील सांगेल. लग्न हा एक संस्कार आहे आणि तो एक करारही आहे, संस्कार धर्माच्या हाती आणि करार राज्याच्या हाती, ही विभागणी गोव्यातील हिंदूंच्या आज्या-पणज्यांनी पचवलेली आहे. त्यामुळे आपला धर्म बुडाला असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. उलट, गोव्याच्या या नागरी कायद्याचा अभिमान बाळगण्यात आपण आज कोणालाच हार जात नाही.

या कराराची व्याख्या कोठून आली? १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० साली गोव्यात लागू झाली. पुढे ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही कोसळून प्रजासत्ताक आले आणि त्या प्रजासत्ताकाने त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला विवाहाचा नवा कायदा केला. गोवा मुक्त झाल्यानंतर भारतीय संसदेच्या १९६२ च्या कायद्याने हे जुने कायदे, सक्षम कायदेमंडळ ते बदलीपर्यंत, चालू ठेवले. १९१० च्या त्या कायद्याचे पहिलेच कलम सांगते, की विवाह हा कायदेशीर कुटुंब स्थापण्याच्या हेतूने भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींमध्ये झालेला करार होय. पोर्तुगालने १८६७ ची संहिता १९६६ साली मोडीत काढली आणि नवी केली. त्या नव्या संहितेनेही भिन्न लिंगाची ही अट जशीच्या तशी उचलली. मग २०१० साली लिस्बनच्या संसदेने जो कायदा केला, त्याने विवाहाच्या व्याख्येत बदल केला तो मुख्यतः एवढाच, की ही अट त्यातून काढून टाकली. बाकी व्याख्या तशीच राहिली: कुटुंब स्थापू इच्छिणाऱ्या दोन व्यक्तींचा करार.

हा कायदा ज्या देशात झाला तो फातिमाचा देश आहे, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पोप बेनेडिक्ट सोळावे पोर्तुगालला येऊन गेले आणि अशा विवाहांविरुद्ध बोलून गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १७ मे रोजी, राष्ट्राध्यक्ष काव्हाकु सिल्व्हा यांनी व्यक्तिशः हा कायदा पसंत नसतानाही त्यावर सही केली. जूनमध्ये पहिले विवाह झाले. दत्तकाचा हक्क तेव्हा दिला नव्हता. तो २०१६ साली मिळाला. पोर्तुगालमध्ये कुटुंबव्यवस्था कोसळल्याचे वर्तमान अद्याप कोठून आलेले नाही.

आता पाहा काय मौज झाली आहे ती. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे आणि त्यांच्या मुलानातवंडांचे जन्म लिस्बनला नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट घेण्याची रीघ लागलेली आपण रोज पाहतो. सांगे-सासष्टीतला एखादा तरुण असा पासपोर्ट घेऊन गेला तर लिस्बनमध्ये त्याला आपल्या जोडीदाराशी विधिवत विवाह करता येतो. तोच जोडीदारासह गावी परतला, की दाबोळीच्या विमानतळावर उतरल्याबरोबर ती दोघे कायद्याने एकमेकांची कोणीच लागत नाहीत. ज्यांच्या जोखडातून आपण मुक्त झालो त्यांनी आपलाच जुना कायदा सुधारला. मुक्त झालेले आपण त्यांनी टाकलेली अट शिरोधार्य मानून बसलो आहोत.

यावर कोणी म्हणेल, की शब्दांत काय आहे? दोन माणसांना एकत्र राहायचे तर राहावे, कोण अडवतो? हा युक्तिवाद मुंबईत थोडाफार खपेल. गोव्यात तो मुळीच खपत नाही, आणि यामागचे कारण भावनेचे नसून मालमत्तेचे आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करारनामा केला नसेल तर गोव्यात नवराबायकोची मालमत्ता समाईक होते. भाट, घर, दुकान, बँकेतील ठेव, सर्वांत दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा. जोडीदाराच्या सहीवाचून घर विकता येत नाही. एक जण वारला तर दुसऱ्याचा अर्धा हिस्सा त्याचा स्वतःचाच असतो, तो वारसाहक्काने यावा लागत नाही. गोमंतकीय विधवेला जी प्रतिष्ठा आहे ती तिच्या सासरच्यांच्या चांगुलपणामुळे नव्हे, या अर्ध्या हिश्श्यामुळे आहे. हे सर्व संरक्षण त्या दुसऱ्या सहीतून येते. सही नाही तर हिस्सा नाही.

मग मृत्युपत्र करावे, असे सुचवले जाते. तेथेही गोव्याचा कायदा आडवा येतो. महाराष्ट्रातील हिंदू आपली स्वकष्टार्जित मिळकत हवी त्याला मृत्युपत्राने देऊ शकतो. गोव्यात तसे नाही. येथे मुले वा आईवडील हयात असतील तर मिळकतीचा अर्धा भाग त्यांच्यासाठी कायद्यानेच राखून ठेवलेला असतो आणि मृत्युपत्राने देता येतो तो केवळ उरलेला अर्धा. संततीला व वृद्ध मातापित्यांना कोणी लहरीपणाने उघड्यावर टाकू नये हा या तरतुदीचा हेतू उदात्त आहे आणि तो आम्हांला मान्य आहे. पण त्याचा परिणाम कोठे होतो ते पाहा. दोन स्त्रियांनी पंचवीस वर्षे एकत्र राहून, दोघींच्या पगारातून म्हापशाला एक सदनिका घेतली आणि ती एकीच्या नावावर राहिली, असे समजा. ती अचानक वारली. तिच्या आईने पंचवीस वर्षांत त्या घरात पाऊल टाकले नसेल, तरी मृत्युपत्र असूनसुद्धा अर्धे घर आईचे. मृत्युपत्र नसेल तर सगळेच रक्ताच्या नातलगांचे. मग इन्व्हेंटरीची कार्यवाही सुरू होते, आणि जिने आजारपणात रात्री जागवल्या तिला त्या कार्यवाहीत पक्षकार म्हणूनही स्थान नसते. मुंबईतील अशा जोडप्यापेक्षा गोव्यातील जोडपे कायद्याने अधिक असहाय आहे, ते असे. समान नागरी कायद्याच्या आपल्या गौरवगाथेत ही ओळ कोणी वाचून दाखवत नाही.

गोव्यातील एक उदाहरण सर्वांच्या माहितीचे आहे. कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स यांनी वेशभूषेच्या कलेत जगभर नाव मिळवले, गोव्याच्या पोशाखाचा इतिहास लिहिला, कुणबी लुगड्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. २०१४ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरवले. त्यांनी व त्यांचे फ्रेंच जोडीदार जेरोम मारेल यांनी २००२ साली फ्रान्सच्या कायद्याखाली आपल्या सहजीवनाची नोंदणी केली होती. वेंडेल १२ फेब्रुवारी २०२० रोजी वारले तेव्हा साऱ्या गोव्याने हळहळ व्यक्त केली. गावचे लोक, मंत्री, कलावंत सगळे जमले. समाजाने त्या दोघांना स्वीकारले होते. फ्रान्सने स्वीकारले होते. गोव्याच्या नोंदवहीत मात्र त्यांच्यासाठी रकाना नव्हता. वेंडेल प्रसिद्ध होते, त्यांच्याजवळ वकील होते, साधने होती. ज्यांच्याजवळ यांतले काहीच नाही अशा काणकोणच्या मच्छीमाराचे किंवा वास्कोतल्या परिचारिकेचे काय? केंद्र सरकारने न्यायालयात ही मागणी शहरी उच्चभ्रू वर्गाची असल्याचे म्हटले होते. उच्चभ्रूंना कायदा नसला तरी चालते. कायद्यावाचून ज्यांचे अडते ते गरीब.

आता धर्माच्या आक्षेपाकडे. आमचे बहुसंख्य वाचक धर्मनिष्ठ हिंदू आहेत आणि त्यांच्या भावनेची थट्टा करण्याची आमची इच्छा नाही. परंतु गोव्यातील हिंदूंनी इतिहासाचे एक पान पुन्हा उघडून पाहावे. सतराव्या शतकात जुन्या काबिजादीत आपल्या पूर्वजांना स्वतःची लग्ने उघडपणे लावण्याची मुभा नव्हती. होम पेटवणे हा अपराध होता. मुलामुलींची लग्ने लावण्यासाठी खाडी ओलांडून, हद्दीपलीकडे जावे लागे. १७३६ सालच्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने तर धर्मांतरितांच्या लग्नांतील हळद, ओव्या आणि विडेसुद्धा निषिद्ध ठरवले. तुमच्या धर्माचे लग्न हे आमच्या लेखी लग्नच नव्हे, ते पाप आहे, ही राज्यकर्त्यांची भाषा ज्या समाजाने शतकानुशतके सोसली, त्या समाजाने तीच भाषा दुसऱ्या कोणाविषयी सहजपणे उच्चारावी, हे आम्हांला खटकते.

आणि हा संबंध केवळ रूपकाचा नाही. १५६० साली गोव्यात आलेल्या आणि १८१२ साली कायमच्या बंद झालेल्या त्या न्यायासनाच्या अधिकारक्षेत्रात दोन गोष्टी शेजारीशेजारी होत्या: गुप्तपणे हिंदू विधी करणारा नवख्रिस्ती आणि पुरुषाशी संबंध ठेवणारा पुरुष. जुन्या गोव्यातील त्याच तुरुंगाच्या कोठड्यांत दोघांनाही डांबले जाई. समलिंगी संबंधांविषयीची तीव्र घृणा आपल्या मातीतली आणि त्यांची मान्यता मात्र परदेशी, असे जे मोठ्या ठामपणे सांगितले जाते, त्याला गोव्याचा इतिहास तरी आधार देत नाही. शिक्षा आणणारे येथे दोनदा समुद्रमार्गे आले. एकदा पोर्तुगीज आले. दुसरे इंग्रज, त्यांचे ३७७ वे कलम मात्र आपल्याकडे मुक्तीनंतर भारतीय दंडसंहितेबरोबर आले. खुद्द इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ सालीच तो कायदा सौम्य झाला होता.

आपल्या शास्त्रांनी अशा संबंधांची स्तुती केली आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आजकाल काही उत्साही मंडळी देवळांवरची शिल्पे दाखवून प्राचीन भारतात सारे काही मान्य होते असे सांगतात. तेही खरे नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाच्या अशा वर्तनाला प्रायश्चित्त सांगितले आहे. ते प्रायश्चित्त म्हणजे सचैल स्नान. स्त्रियांच्या बाबतीत मनू अधिक कठोर आहे, आणि त्याचे आश्चर्य कोणाला वाटू नये. पण पाण्यात बुडी मारून शुद्ध होणे आणि चितेवर जिवंत जाळले जाणे यांत जे अंतर आहे ते दोन संस्कृतींतील अंतर आहे. ते आपण विसरू नये. नेपाळ हा बहुसंख्य हिंदूंचाच देश. तेथे सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा पहिल्या विवाहाची नोंद झाली. पशुपतिनाथाच्या पूजेअर्चेत त्यामुळे खंड पडलेला नाही.

शिवाय कोणत्याही भटजीने असे लग्न लावावे, कोणत्याही देवस्थानाने त्यासाठी मंडप द्यावा, अशी सक्ती कोणी मागत नाही. कोणी मागितली तर तिला विरोध करणारांत आम्ही असू. मागणी आहे ती रजिस्ट्रारच्या मेजावरची. त्या मेजाला सोवळेओवळे नाही. तेथे घटस्फोटितेचा पुनर्विवाह नोंदला जातो, ब्राह्मणाचा व गावड्याचा आंतरजातीय विवाह नोंदला जातो, साठीच्या विधुराचा विवाह नोंदला जातो. तुम्हांला मूल होणार काय, असे तो अधिकारी कोणालाही विचारत नाही. संतती हा विवाहाचा आधार असता तर आपल्या घराघरांतील निपुत्रिक दांपत्यांना आपण काय म्हणणार आहोत?

कुटुंबसंस्थेच्या नावाने जे गळा काढतात त्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. विवाहाची मुभा नाकारल्याने समलिंगी पुरुष नाहीसा होत नाही. त्याचे लग्न लावून दिले जाते. आईच्या आग्रहाखातर, गावाच्या तोंडाखातर, लग्न झाले की सुधारेल या आशेने, कोणाची तरी शिकलीसवरलेली मुलगी त्याच्या घरी नांदायला पाठवली जाते. पहिल्या रात्रीपासून आपले काय चुकले हे तिला कळत नाही, आणि सांगायचे कोणाला तेही कळत नाही. अशा मुली आपल्याच ज्ञातीत, आपल्याच वाड्यावर आहेत. समलिंगी मुलीची अवस्था याहून वाईट, कारण तिला नाही म्हणण्याचा अधिकार मुळातच कमी. ही जी खोटी लग्ने दरवर्षी वाजतगाजत लागतात, त्यांनी कुटुंबसंस्था मजबूत होते काय?

राहिला घटनेचा प्रश्न. चौदावे कलम कायद्यापुढे समानता देते, पंधरावे लिंगाच्या आधारावर भेदभाव करू नये म्हणते. लोकांच्या भावना दुखावतात म्हणून ही कलमे मागे ठेवता येतील काय? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले होते, की घटनेची नीती ही माणसाची उपजत भावना नव्हे, ती प्रयत्नाने अंगी बाणवावी लागते. २०१८ च्या निकालाचा पाया नेमका याच विचारावर रचला गेला. आंबेडकरांनी हा विचार केवळ सभागृहात मांडला असेही नव्हे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल, १९३४ साली मुंबईत खटला चालला तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले होते. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. त्या काळचा सारा सुशिक्षित मराठी समाज, थोडे अपवाद सोडता, कर्व्यांना अश्लील म्हणत होता. आज त्याच समाजाची नातवंडे त्यांच्या जयंतीला लेख लिहितात.

हे काम न्यायालयाचे नसून संसदेचे आहे, या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आम्ही मान्य करतो. शेकडो पानी निकालांपेक्षा निवडून आलेल्या सभागृहात झालेला कायदा अधिक टिकतो. पोर्तुगालनेही तसेच केले. परंतु संसदेचा आजवरचा अनुभव काय? ३७७ वे कलम बदलण्यासाठी शशी थरूर यांनी २०१५ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत खाजगी विधेयक आणले, तेव्हा ते नुसते मांडण्याची परवानगीही ७१ विरुद्ध २४ मतांनी नाकारण्यात आली. सव्वापाचशेहून अधिक सदस्यांच्या सभागृहात शंभर जणही मत द्यायला उपस्थित नव्हते. सुप्रिया सुळे यांनी २०२२ साली विवाहाच्या हक्काचे विधेयक मांडले; त्यावर चर्चा झाली नाही. न्यायालयाने संसदेकडे बोट दाखवायचे, संसदेने समाजाकडे आणि समाजाने धर्माकडे, अशी ही टोलवाटोलवी चालली आहे.

निकालानंतर मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली आणि २०२४ साली केंद्राने काही खुलासे केले. अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येईल, एकमेकांना नामनिर्देशित करता येईल, आणि रेशनकार्डासाठी त्यांना एकाच कुटुंबाचे घटक मानावे, असे ते खुलासे आहेत. आम्ही त्यांचे स्वागत करतो. पण रेशनकार्ड म्हणजे आपल्या व्यवहारात एक चूल. सरकारने या दोघांची चूल एक मानली, आणि चुलीवरचे छप्पर मात्र मानले नाही, ही गोष्ट कोणत्या तर्कात बसते?

समान नागरी कायद्याचा घोष सध्या देशभर चालू आहे. गोव्याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली गौरवाने दिले, आणि उत्तराखंडाने तसा कायदा करून तो २७ जानेवारी २०२५ पासून अमलात आणला. त्या कायद्यात विवाह स्त्री-पुरुषांचाच, आणि विवाहावाचून एकत्र राहण्याची जी नोंद सक्तीची केली आहे तीही स्त्री-पुरुषांचीच. जो कायदा सर्व धर्मांना एकाच मापाने मोजू पाहतो त्याच्या नावातील पहिला शब्द समान हा आहे. आपल्या गोव्याचा कायदा तरी कोठे पुरता समान होता? १८८० च्या हुकूमनाम्याने हिंदू पुरुषाला, पत्नीला ठरावीक वयापर्यंत पुत्र झाला नाही तर दुसरी करण्याची सवलत दिली होती. ती तरतूद कागदावर लाजिरवाणी ठरावी इतका काळ लोटला आहे. कायदे दगडावर कोरलेले नसतात, हे सांगण्यासाठी याहून वेगळा पुरावा नको.

म्हणून आम्ही ही मागणी पर्वरीच्या विधानसभेपुढे ठेवतो, दिल्लीपुढे नव्हे. विवाह व वारसा हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. आपल्या चाळीस सदस्यांच्या सभागृहाने २०१२ साली वारसा, नोटरी व इन्व्हेंटरीविषयी स्वतःचा सविस्तर कायदा केला आणि १८६७ च्या संहितेचा मोठा भाग त्याने बदलला. तेव्हा आमचा कायदा पोर्तुगिजांनी केलेला, आम्ही त्याला हात कसा लावावा, ही सबब उरलेली नाही. केंद्राच्या कायद्याशी विरोध येत असेल तर राष्ट्रपतींची संमती घेण्याची वाट घटनेनेच आखून दिली आहे. ती वाट लांबची आहे, आणि पहिल्या फेरीत संमती मिळेलच असेही नाही. पण ठराव तरी मांडला जावा, नावानिशी मते तरी नोंदली जावीत. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहिया उभे राहिले ते सभेच्या व भाषणाच्या स्वातंत्र्यासाठी. नागरी स्वातंत्र्य हाच गोव्याच्या लढ्याचा पहिला शब्द होता, आणि त्या दिवसाचे पुतळ्यापुढचे हार दरवर्षी हेच आमदार घालतात.

विवाहाच्या व्याख्येला हात घालण्याचे धैर्य आज नसेल, तर निदान २०१२ च्या कायद्यात एक कलम घालता येईल. कोणाही दोन सज्ञान व्यक्तींना नोटरीपुढे लेखी घोषणा करून एकमेकांना सहनिवासी म्हणून नोंदवण्याची मुभा असावी, आणि अशी नोंद असेल तेथे मागे राहिलेल्यास मरेपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क असावा, इन्व्हेंटरीत त्याला पक्षकार मानावे, इस्पितळात त्याच्या सहीला किंमत असावी. यात विवाह हा शब्दही येत नाही. दोन अविवाहित बहिणींना, एकमेकींच्या आधाराने राहणाऱ्या दोन विधवांनाही त्याचा उपयोग होईल. येत्या अधिवेशनात असे खाजगी विधेयक आणायला एक सदस्य पुरतो. तो सत्ताधारी पक्षाचा आहे की विरोधी, याची चौकशी आम्ही करणार नाही.